भिंत वाळेपर्यंत

ती खोली मला माझ्या श्वासामुळे मिळाली. पदवी, शिफारसपत्र, घराणं, चालचलन, यांतलं काहीही मालकीणबाईंनी विचारलं नाही. मला ओट्यावर बसवून त्यांनी माझे दोन्ही तळहात हातांत घेतले, उलटसुलट करून दाबून पाहिले, मग आतून पितळेची थाळी आणली आणि ती माझ्या तोंडापुढे धरून म्हणाल्या,

"हाः करा."

मी केलं. थाळीवर धुकं उमटलं. ते विरेपर्यंत त्यांनी थाळी उजेडात तिरपी धरून निरखली, जशी एखादी सुईण तान्ह्या बाळाची जीभ निरखते.

"ऊन हाये श्वास. बोलता का तुमी लय, का मुक्या मुक्या राहता?"

"शाळेत बोलते. घरी..." मी अडखळले. "घरी कविता म्हणते. मोठ्यानं."

"रोज?"

"रोज."

"मंग खोली तुमची. भाड्याचं मागून पाहू."

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. जिल्हा चांदा, आणि गाव वैनगंगेच्या इतकं काठावर की श्रावणात अंगणातल्या तुळशीलाही नदीचा वास येई. मार्कंड्याच्या यात्रेला निघालेल्या बैलगाड्या आमच्या ओट्यापुढून जात आणि त्यांच्या धुळीत मोहाचा गोडसर, किंचित आंबलेला गंध मिसळलेला असे. नागपूरच्या कॉलेजातून काव्य शिकून, डोक्यात वृत्तं आणि ट्रंकेत वह्या घेऊन मी तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले होते. माझ्या काव्याचा कुणाला काही उपयोग असेल, अशी अपेक्षा मी फारशी केली नव्हती. तो उपयोग पहिल्यांदा ओळखला तो अक्षरशत्रू मालकीणबाईंनी.

त्यांचं शास्त्र सरळ होतं. घर माणसाच्या उबेवर जगतं. ज्या खोलीत कुणी श्वास घेत नाही, हसत-भांडत नाही, तिच्यात ओल शिरते, आणि ओलीच्या मागून बुरशी. "बुरशी म्हंजे खोलीचा रुसवा व बाई," त्या म्हणत. "जिच्यासंगं कोनी बोलत नाई, ते खोली तोंड काळं करून बसते." नवरा जाऊन वर्षं लोटली होती, एकुलता एक मुलगा नागपूरला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता, आणि घर तर एवढं की एकट्या बाईचा श्वास त्याला पुरणारा नव्हता. म्हणून भाडेकरू. त्यांना भाड्याचा नव्हे, वाफेचा लोभ होता.

सकाळी सडा घालण्याआधी त्या घरभर फिरत. पदर खोचलेला, हात पाठीमागे, मान किंचित पुढे. प्रत्येक भिंतीला नाक लावून दीर्घ श्वास घेत, डोळे मिटत, आणि निदान सांगत. देवघराच्या भिंतीला पडसं झालं आहे. पडवीला कालच्या फोडणीचा ठसका लागला आहे. कोठीच्या कोपऱ्यात कुणीतरी ओलं घोंगडं ठेवलं होतं, आणि ते उचलल्यावरही त्याची आठवण तिथे रेंगाळते आहे. पडशाला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, ठसक्याला नुसती उघडी खिडकी. आठवणीवर मात्र औषध नव्हतं. तिथे त्या स्वतः दुपारभर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसत, म्हणजे कोपऱ्याला सोबत होई.

समोरच्या किराणा दुकानातले सावजी गल्लीच्या वतीनं या साऱ्यावर लक्ष ठेवून असत. "वयनी, आज कोन आजारी हाये?" ते दुकानातूनच विचारत.

"तुमचं दुकान," मालकीणबाई इकडून सांगत. "मिरच्याइले बुरा लागला हाये. इथपर्यंत वास येऊन राह्यला."

सावजी हसत, पण थोड्या वेळानं मिरच्यांचं पोतं उन्हात पसरलेलं दिसे.

कवेलू फेरायचा दिवस हा त्या घराचा सण असे. मृगाच्या आधी छपरावरची कौलं उतरवून, फुटकी वेचून, पुन्हा नीट बसवायची, हा त्या भागातल्या प्रत्येक घरचा रिवाज. आमच्याकडे त्याला सोहळ्याचं रूप होतं. सगळी दारं-खिडक्या लावून घरात भर दुपारी मिट्ट काळोख केला जाई, आणि मग वर पाहावं तर छपरात चांदणं. जिथे जिथे कवेलू सरकलं किंवा तडकलं होतं, तिथे तिथे उन्हाचा एकेक ठिपका. मी लांब बांबू घेऊन एकेका चांदणीला खालून टोचायची. छपरावर बसलेला माणूस टोक दिसताच तिथलं कवेलू सारखं करायचा, आणि ती चांदणी विझायची. स्वतःच्या हातानं तारे विझवण्याचं काम मला पुन्हा आयुष्यात कुणी दिलं नाही. शेवटची चांदणी राहिली की मालकीणबाई ओरडत, "राहू द्या तेवढी! घरानं श्वास कोन्या नाकानं घ्यावा?" त्या एका भोकातून चार महिने पाणी गळे. त्याखाली एक गडगं, मातीचं छोटं मडकं, ठेवलेलं असे. ते ठिबकणं ऐकत मी कित्येक कविता रचल्या आणि सगळ्यांची लय एकच निघाली.

एवढं करून पहिल्याच आठवड्यात वानरांची टोळी येई आणि निम्मं छप्पर विस्कटून जाई. गावात इतर लोक वानरांना दगड मारत. मालकीणबाईंनी त्यांना लाच लावली. उन्हाळ्याच्या शेवटाला त्या रोज सकाळी चिंचेचे आकडे आणि उकडलेल्या शेंगा आमच्या छपरापासून दूर, परंतु काळजीपूर्वक निवडलेल्या जागी मांडत. ती जागा सावजींच्या गोदामाचं छप्पर होतं.

"वयनी, हे बराबर नाई!" सावजी एके सकाळी फुटकं कवेलू हातात घेऊन दारात उभे.

"काऊन? तुमच्या छपरावर देवाचे मानसं आले, नशीब म्हना."

आणि मग पुराची तालीम. ती ज्येष्ठात कधीही होई. दिवस ठरलेला नसे, कारण पूर काही सांगून येत नाही, हे मालकीणबाईंचं म्हणणं. घरातल्या सागवानी तुळयांना जागोजाग शिंकी टांगलेली होती. दुधा-दह्याची इवलीशी नव्हेत, सुतळीच्या जाड दोरांची, ट्रंक मावेल अशी. थाळी बडवली गेली की हातातलं काम टाकून सगळं वर चढवायचं: अंथरुणं, धान्य, जोडे, देव, माझ्या वह्या. एकदा आमच्या शाळेच्या तपासनीस बाई चहाला आल्या असताना थाळी वाजली. मालकीणबाईंनी त्यांची काळी हातबॅग क्षणात शिंक्यात टाकून दोर ओढला. तपासनीस बाई चहा पीत राहिल्या आणि त्यांच्या डोक्यावर ती बॅग घड्याळाच्या लंबकासारखी संथ झुलत राहिली. शेरा मात्र चांगला मिळाला. बहुधा त्यांना लवकर निघायचं होतं.

आता त्या भिंतीबद्दल सांगायला हवं.

घर सगळं मातीचं होतं. सागाच्या खांबांवर छप्पर उभं आणि खांबांमध्ये मातीच्या जाड भिंती, शेणानं सारवून सारवून रेशमी झालेल्या. एकच अपवाद. मी येण्याच्या आधी एका वैशाखात वावधन सुटलं. धुळीचं ते वादळ तिकडे याच नावानं ओळखतात. त्यात नदीकडची, उत्तरेची भिंत बसली. मुलगा नागपूरहून धावत आला आणि आईला न विचारता त्यानं तिथे विटा-सिमेंटची पक्की भिंत उभारली. गावातली ती पहिलीच. लोक पाहायला आले, बोटांनी टकटक करून गेले. ओव्हरसियर स्वतः उभा राहून तिच्यावर पाणी मारत होता, असं सावजी सांगत.

ती भिंत माझ्या खोलीची होती, आणि तिला घाम येई.

आषाढ लागला की आधी तिच्यावर मोहरीएवढे काळे ठिपके उमटत. मग त्यांच्याभोवती करडी मखमल वाढे. मग एका सकाळी तिच्यावर अशी पोपटी झाक दिसे, की तशी मी पुढे कुठल्याही लुगड्यावर पाहिली नाही. वासही महिन्यागणिक बदले. आधी ओल्या पाटीचा, मग बंद संदुकीतल्या पुस्तकाचा, आणि भाद्रपदात थेट जंगलातल्या अळंब्यांचा. मालकीणबाई तिच्याजवळ नाक नेत आणि चटकन मागे घेत, जसं एखाद्या उर्मट सुनेपुढून तोंड फिरवावं.

"श्वासच घेत नाई व हे. पानी पिते, पन घाम कुठी टाकावा हे तिले समजत नाई. तुमी रोज सांजच्यानं तिच्याकडं तोंड करून म्हनत जा."

"काय म्हणू?"

"तुमच्या कविता. गरम गरम."

अशा रीतीनं माझ्या काव्यवाचनाचा आरंभ झाला. रोज संध्याकाळी, कंदील लावायच्या आधी, मी त्या भिंतीपुढे पाट टाकून बसे आणि तिला ऐकवी. मालकीणबाई उंबऱ्यात बसून कान आणि नाक दोन्ही लावून असत. त्यांची समीक्षा मोठी कडक होती. अर्थाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. वाफ किती निघते यावर कवितेची प्रत ठरे. थाळी तोंडापुढे धरून त्यांनी माझे पाठ पारखले होते. वीररस त्यांना सर्वांत पसंत. पोवाड्यानं भिंत खरोखर वाळते, अशी त्यांची खात्री होती. निसर्गवर्णनानं काही बिघडत नाही, काही सुधारतही नाही. पण एका संध्याकाळी मी मोठ्या तन्मयतेनं एक विराणी म्हटली आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाण्याचे ओघळ दिसले. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"काल कोन्ती म्हनली होती?"

"विरहाची."

"रडकी?"

"म्हणजे... करुण."

"पहा कशी रडली मंग ते!" ओघळांकडे त्यांनी असं बोट दाखवलं की मला स्वतःचीच लाज वाटली. "आजपासून रडकी बंद. इंग्रज साहेबाइच्या कविता चालतीन, लढाईच्या चालतीन, पन रडकी नाई."

गल्लीत बातमी पसरलीच होती. "बाई, भितीले शिकवून राह्यल्या का?" सावजींनी एकदा विचारलं. मी उत्तर देण्याआधीच मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्या पोराहून लवकर शिकून राह्यली."

एक कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. गावभर त्या भिंतीची निंदा करणाऱ्या मालकीणबाई मुलगा यायच्या दिवशी मात्र तिला नवरीसारखी सजवत. पहाटेपासून शेगडी तिच्यापुढे धगधगत ठेवत, चुना फासत, उरलेल्या काळ्या ठिपक्यांवर माझी गोधडी टांगत. मुलगा येई, भिंतीवर थाप मारून म्हणे, "कशी हाये माय आपली भिंत?" आणि मालकीणबाई म्हणत, "दगड हाये दगड." मला वाटे, मुलाचं मन राखतात. एकदा मी तसं म्हटलंही.

"मन?" त्या हसल्या. त्यांचे सगळे दात शाबूत होते आणि हसताना ते सगळे कामाला लागत. "हे ओली राहते म्हनून कळलं, त तो काय म्हनंल? म्हनंल, बाकीच्या तीन मातीच्या हायत ना, तिथून ओल येऊन राह्यली. मंग त्याही सिमिटाच्या करंल. मंग म्या काय दगडाच्या पेटीत राहू? आन् ते बी नाई जमलं, त मले नागपूरले नेऊन टाकंल."

त्यांना खरी भीती त्या शेवटच्या वाक्याची होती. मुलगा वाईट नव्हता. उंच, किडकिडीत, बोलताना टोपीची घडी चाळवणारा. पाऊस लागला की नागपुरात त्याला झोप येत नसे, हे त्यानं मला एकदा एकांतात सांगितलं होतं. आई नदीच्या काठी मातीच्या घरात, एकटी, आणि वरून छपराला मुद्दाम ठेवलेलं भोक. तो येई तेव्हा दरवेळी म्हणे, "माय, चाल ना." आणि ती दरवेळी म्हणे, "घराले कोन हुंगंल?"

माझ्या तिथल्या दुसऱ्या उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेला, आमरसाच्या पंगतीत या बोलण्याचं भांडण झालं.

"तुह्या मातीच्या भिती पयल्याच पुरात विरघळतीन, माय. बत्ताशावानी."

"आन् तुही?"

"माही उभी राह्यल."

"तुहीच आधी पडंल. आतून सडली हाये ते!" बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली, पण मुलाला राग एवढा आला होता की त्यातली कबुली त्याच्या लक्षात आली नाही.

"ठीक हाये," तो म्हणाला. "पूर आला आन् माही भिंत आधी पडली, त म्या पुन्हा सिमिटाचं नाव घेनार नाई, नागपूरचं बी नाई. पन तुही पडली, त तुले माह्यासंगं याच लागंल. कायमचं."

पंगतीला सावजी होते. मालकीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, आमरसाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सावजी, ऐकलं ना? मंजूर."

त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे उत्तरेच्या भिंतीपुढे पाट टाकला. मालकीणबाईंनी तो उचलला आणि पूर्वेच्या मातीच्या भिंतीपुढे नेऊन ठेवला.

"आजपासून पोवाडे हिले."

"आणि तिला?"

त्यांनी पाट नीट सरळ केला. मग अत्यंत साळसूद चेहऱ्यानं म्हणाल्या, "तिले आता रडकी चालतीन."

त्या पावसाळ्यात माझ्याकडून साहित्याचा जो दुरुपयोग झाला, तो माझ्या गुरुजनांनी ऐकला असता तर पदवी परत मागितली असती. पूर्वेकडे तोंड करून मी तलवारी उपसत असे. मग पाट फिरवून उत्तरेपुढे ताटातूट, अश्रू, रिकामी शेज, परतून न आलेला प्रवासी. मालकीणबाई मध्ये बसून दोन्हींकडची प्रगती हुंगत. खोटेपणा मात्र त्यांना खपत नसे. सावजींनी चेष्टेनं सुचवलं की उत्तरेच्या भिंतीवर दोन घागरी ओतून टाका, तेव्हा त्या भडकल्या. "पानी ओतनं म्हंजे बेईमानी. कविता म्हनायले काय मनाई हाये?"

पूर आला तो तान्ह्या पोळ्याला. आदल्या दिवशीचा पोळा भर पावसात झाला होता आणि मुलगा सणासाठी आलेला होता. सकाळी गल्लीतली पोरं लाकडी नंदी सजवून दोरीनं ओढत दारोदार फिरत होती. दुपारी पाऊस थांबला, आकाश तांब्याच्या भांड्यासारखं झालं, आणि मालकीणबाई न्हाणीघराच्या मोरीपाशी वाकून बसलेल्या दिसल्या. मोरीतून पाणी उलटं वर येत होतं. त्यांनी ओंजळभर घेतलं, हुंगलं.

"पावसाचं नाई हे," त्या म्हणाल्या. "नदीचं हाये."

आणि थाळी बडवली.

इतक्या वर्षांच्या तालमीचं त्या दिवशी सोनं झालं. कुणी किंचाळलं नाही, कुणी काही विचारलं नाही. ट्रंका, गाद्या, धान्य, देव, ओव्हरसियरांचे बूट आणि छत्री, सगळं वर गेलं. पायऱ्यांवरून पाणी आत आलं तेव्हा आम्ही माळ्यावर होतो. मालकीणबाई, मुलगा, मी, आणि दुकान सोडून सहकुटुंब आमच्याकडे आलेले सावजी. गल्लीतून पोरांचे नंदी तरंगत निघाले होते, गळ्यात झेंडूच्या माळा, माना ताठ, जणू पोळा आत्ता खरा सुरू झाला होता. गढूळ पाण्याचा, कुजल्या पानांचा, कुठल्यातरी वरच्या जंगलातल्या मातीचा वास माळ्यापर्यंत चढला.

खरं तर भ्यायला हवं होतं. सावजी भ्यालेही होते, रामनाम चाललं होतं. पण आई आणि मुलगा माळ्याच्या कडेला पोटावर पडून खाली वाकून पाहत होते, ती उत्तरेकडे, तो पूर्वेकडे. कुणाची आधी जाते.

"हालली," ती म्हणाली.

"पान्याची सावली हाये ते."

"हालली म्हनते ना!"

तेवढ्यात नदीकडून एक धक्का बसला. घर मुळापासून हादरलं, कवेलू खडखडले. वरच्या लाकूडडेपोतून सुटून आलेला सागाचा ओंडका, कवेत न मावेल एवढा जाड, उत्तरेच्या भिंतीवर आदळला होता. भिंतीच्या सांध्यातून पाण्याची एक चिळकांडी उडाली. आम्ही श्वास रोखले. मालकीणबाईंनी तर डोळेच मिटले. ओंडका थोडा मागे सरला, पुन्हा आदळला, कंटाळला, आणि भिंतीला घासत निघून गेला. भिंत उभी होती.

त्यानंतर, काही फारसा आवाज न करता, पूर्वेची भिंत बसली. झोपलेल्या म्हशीनं कूस बदलावी तशी. आधी पोट सुटलं, मग सारवलेली रेशमी पाठ दुमडली, आणि माझे सगळे पोवाडे परसात वाहून गेले. घरात कोंडलेलं पाणी त्या वाटेनं धावत सुटलं आणि बघता बघता खांबांवरची ओली रेघ उघडी पडू लागली.

 सावजींचं रामनाम थांबलं. मुलानं मागे सरून टोपी काढली, तिची घडी घातली, उलगडली.

"माय," तो म्हणाला, "तुह्या भितीनं पान्याले वाट देल्ली. नाई त आपन इथी माळ्यावर बुडलो असतो."

"हो. आन् तुहीनं लाकूड अडवलं," ती म्हणाली. "नाई त खांब गेले असते." थोड्या वेळानं, त्याच सुरात: "पन पडली माहीच. आधी."

दुसऱ्या दिवशी चिखल ओसरल्यावर त्या उत्तरेच्या भिंतीपाशी गेल्या. ओंडक्यानं तिच्यावर खोल ओरखडा काढला होता. त्यांनी नाक लावलं, सवयीनं मागे घेतलं, आणि तिच्यावर थाप मारली. "नाक खराब हाये तुह्यं," त्या तिला म्हणाल्या. "पन छाती चांगली हाये."

मग मुलाकडे वळून त्यांनी आपला शब्द पाळला. "येतो म्या नागपूरले. कायमची येतो. पन उघडं घर टाकून कशी येऊ? पूर्वेची भिंत घालू दे. ते वाळली का निंघाली."

हे रास्तच होतं. मुलगा आनंदानं परतला. क्वार्टरात आईसाठी कोपरा रिकामा करायला त्यानं बायकोला सांगितलंही असेल. दसऱ्यानंतर भिंत घातली गेली, मातीची. त्यानं चकार शब्द काढला नाही. ज्या दिवशी शेवटचा थर चढला, त्या संध्याकाळी मालकीणबाईंनी माझा पाट आणून त्या नव्या, ओल्या, गवताच्या काड्या मिरवणाऱ्या भिंतीपुढे ठेवला. माती थंड होती आणि तिला नुकत्याच नांगरलेल्या शेताचा वास होता.

"पोवाडे?" मी विचारलं.

मालकीणबाई उंबऱ्यात बसल्या. पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाई," त्या म्हणाल्या. "रडकी."

दिवाळीला मुलगा आला. भिंतीवर हात ठेवला. ती खरीच ओली होती. संक्रांतीला आला, तेव्हा ती वरून वाळलेली दिसत होती. "आतून ओली हाये," मालकीणबाई म्हणाल्या. "बाई रोज रडकी म्हनून राह्यली तिच्यापुढं. किती समजावलं म्या! पन शिकल्या-सवरल्या मानसाले कोन सांगंल?" मी मान खाली घातली आणि पुढचं कडवं उचललं. शिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेहून येताना तो उभ्या उभ्या डोकावला. भिंत तेव्हा ठणठणीत कोरडी होती आणि मालकीणबाई तिला दिवसातून कितीदा हुंगत होत्या ते मीच जाणे; पण दारातून त्यांनी त्याला पाणीसुद्धा ओट्यावरच दिलं.

मग वैशाख आला. चांद्याकडचा वैशाख ज्यानं सोसला नाही, त्याला तो सांगता येत नाही. दुपारी पक्षी झाडांतून गळून पडत. नदी वाळूत हरवली. आमच्या नव्या भिंतीला केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या आणि वारा आला की त्यांतून माती भुरभुरत असे. मुलगा त्या उन्हात, बसच्या धुळीत पिवळा होऊन आला. माठातलं पाणी प्यायला आणि काही न बोलता आत गेला. मी त्या वेळी पाटावर बसले होते. मालकीणबाईंनीच मला घाईनं बसवलं होतं. कविता विरहाची होती. एक म्हातारी झालेली वाट, आणि तिच्यावरून कुणी येईना.

तो थांबला. बहुधा पहिल्यांदाच ऐकत होता. कडवं संपेपर्यंत टोपी हातात धरून उभा राहिला. मग पुढे होऊन त्यानं सबंध तळहात भिंतीवर ठेवला, ओव्हरसियर ठेवतात तसा, बोटं पसरून, दाबून. मालकीणबाई उंबऱ्यात होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तो ऊन होता.

"माय," तो म्हणाला, "हे त अजून ओली हाये."

"म्हनलंच होतं म्या."

"पावसाळ्याच्या आत काई वाळत नाई आता." त्यानं मान हलवली, मोठ्या तज्ज्ञ माणसासारखी. "पाहू पुढच्या साली."

आणि हात मागे घेऊन, आईला दिसू नये अशा बेतानं, त्यानं तळव्याला लागलेली कोरडी पिवळी माती धोतराला पुसली.

मालकीणबाईंनी ती पाहिली. त्या उठल्या, त्याच्या धोतरावरचा तो डाग पदरानं हळूच झटकला, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, थांबल्या काऊन? म्हना पुढं."